चिमटे उलटे लागले तेव्हा

आवाज फार मोठा झाला नाही. वाळकी काटकी पायाखाली मोडावी तेवढाच 'फट्' झाला, निळसर ठिणगी उडाली आणि मग वास आला. जळक्या प्लास्टिकचा, त्यात थोडा आंबूस. मोबाईलचा टॉर्च माझ्याच हातात होता, त्यामुळे या प्रकरणात मी नुसता साक्षीदार आहे असं म्हणता येणार नाही.

मुरुमला मामांकडे गेलो होतो. उमरगा तालुक्यातलं हे गाव कर्नाटकाला इतकं खेटून आहे की बाजारात एखादं वाक्य मराठीत सुरू होतं आणि कानडीत संपतं. थंडीचे दिवस, उसाचा हंगाम. मामेभावाची छोटी पेट्रोल गाडी पंधरा दिवस अंगणात तशीच उभी होती. चावी फिरवली तर नुसतं टक्-टक्-टक्. बॅटरी डाऊन. कोणीतरी म्हणालं, उसाचा ट्रक थांबवू. तेवढं तरी केलं नाही हे बरं झालं, कारण मोठ्या ट्रकचं काम २४ व्होल्टवर चालतं. शेजारच्यांचा ट्रॅक्टर आणला. तो गाडीसारखाच १२ व्होल्टचा. बोनेटला बोनेट भिडवून जंपची केबल काढली. लाल केबल उन्हाने विटकरी झालेली, काळी धुळीने विटकरी झालेली. गाडीच्या बॅटरीच्या दोन्ही खांबांवर पांढरं-हिरवं पीठ साचलेलं, प्लस-मायनसच्या खुणा त्या पिठाखाली. भावाने अंदाजाने चिमटे लावले. दोनेक सेकंद लागले असतील, तोवर त्याने हात झटकून चिमटा ओढलाही.

त्यानंतर गाडी पार मेली. आधी निदान टक्-टक् तरी करत होती. आता हॉर्न नाही, आतला दिवा नाही, दाराचं लॉक नाही, काट्यांची हालचाल नाही.

"झोपा आता," मामा म्हणाले. "सकाळी मिस्त्रीला बोलवू."

मला मात्र झोप येईना. दोन सेकंदांत एवढ्या मोठ्या लोखंडी यंत्रात असं काय घडलं असेल?

सुरुवात बॅटरीपासूनच करावी लागते. गास्तों प्लांते या फ्रेंच माणसाने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे आणि गंधकाम्ल यांच्यापासून पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी बनवली. आपल्या बोनेटखाली आजही जवळजवळ तीच बसलेली असते. आत सहा कप्पे. प्रत्येकात एक बाजू शिशाची, दुसरी शिशाच्या ऑक्साइडची, मध्ये पाणी घातलेलं आम्ल. एका कप्प्याचे दोन व्होल्टहून थोडे जास्त, सहांचे मिळून पूर्ण चार्ज असताना साधारण १२.६. आपण जिला १२ व्होल्टची बॅटरी म्हणतो तिच्यात खरोखर १२ च उरले असतील तर ती जवळपास रिकामी झालेली असते, हे पुष्कळांना माहीत नसतं.

हे दोन व्होल्ट येतात कुठून? शिशाच्या अणूच्या मध्यभागी ८२ प्रोटॉन असतात. त्यांची ओढ इतकी जबर की सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या साठ टक्क्यांच्या आसपास धावतात. एवढ्या वेगाला न्यूटनचे नियम पुरत नाहीत, आइनस्टाइनचे लागतात. इलेक्ट्रॉन जड होतात, कक्षा आवळतात आणि त्याचा परिणाम थेट अणूच्या बाहेरच्या कडेपर्यंत पोचतो, जिथे रासायनिक देवघेव चालते. २०११ मध्ये राजीव आहुजा, पेक्का प्युक्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं गणित मांडलं. एका कप्प्याच्या २.१३ व्होल्टपैकी सुमारे १.७ ते १.८ व्होल्ट केवळ सापेक्षतेमुळे मिळतात, असं त्यातून निघालं. म्हणजे बारातले दहा व्होल्ट आइनस्टाइनचे. आइनस्टाइन म्हटलं की आपण कृष्णविवरं आणि दूरच्या आकाशगंगा शोधायला लागतो, आणि तो इथे पीठ साचलेल्या डब्यात बसून ट्रॅक्टर चालू करून देतो!

आता त्या दोन सेकंदांकडे येऊ. चिमटे नीट लागले असते तर ट्रॅक्टरचा प्लस गाडीच्या प्लसला आणि मायनस मायनसला भिडला असता. दोन टाक्यांचं पाणी नळीने जोडावं तसं भरलेल्याकडून रिकाम्याकडे थोडं वाहिलं असतं. उलट लागल्यावर मात्र दोन्ही बॅटऱ्या एकामागोमाग उभ्या राहिल्या. आता त्या एकमेकींना अडवत नव्हत्या, उलट मागून ढकलत होत्या. ट्रॅक्टरचे साडेबारा आणि गाडीत उरलेले दहा-अकरा, मिळून तेवीसच्या आसपास व्होल्ट. आणि त्यांच्या वाटेत अडथळा काय? दोन केबली, चार चिमटे आणि बॅटऱ्यांचा आतला रोध. सगळं मिळून ओहमचा विसावा भागसुद्धा नाही. भागाकार केला तर पाचेकशे अँपियर होतात. छोट्या गाडीचा सेल्फ इंजिन फिरवताना सव्वाशे-दीडशे अँपियर ओढतो, त्याच्या तिप्पट-चौपट. आणि सेल्फ निदान काही काम करतो; इथे सगळ्याची नुसती उष्णता. पाच-सहा गिझर एकदम लावल्यासारखी.

गंमत अशी, की एवढ्या प्रवाहात खुद्द इलेक्ट्रॉन काही धावत नसतात. सोळा चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या केबलमधून ५०० अँपियर वाहत असले तर एक इलेक्ट्रॉन सेकंदाला सरासरी सव्वादोन मिलिमीटर पुढे सरकतो. आपल्या दोन सेकंदांत साडेचार मिलिमीटर, म्हणजे जोंधळ्याच्या एका दाण्याएवढं अंतर. मुंगी त्याच्या पुढे जाईल. मात्र संख्या इतकी प्रचंड, आणि केबलभर सगळे एकाच क्षणी हललेले, की तेवढ्या सरकण्याने गाडी मुकी झाली.

पण हे सगळं केबलींचं झालं. गाडीच्या आत काय बिघडलं? इथे गोष्टीतलं खरं पात्र येतं. गावातले मिस्त्री त्याला अजून डायनामो म्हणतात, कंपनीच्या पुस्तकात त्याचं नाव अल्टरनेटर. (सेल्फचंही तसंच. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांनी विजेवर चालणारा 'सेल्फ-स्टार्टर' बसवला आणि हँडल मारायची कटकट संपली. त्यातला 'स्टार्टर' गळून पडला, 'सेल्फ' आपल्याकडे राहिला.) इंजिन चालू असताना पट्ट्यावर फिरून हा डायनामो वीज बनवतो, पण बनवतो ती घरातल्यासारखी, उलटसुलट वाहणारी. बॅटरीला हवी एकाच दिशेची. म्हणून त्याच्या पाठीत सहा डायोड बसवलेले असतात, दोन-दोनच्या तीन जोड्या. डायोड म्हणजे एकाच बाजूला उघडणारं दार. सिलिकॉनची चकती लहानशीच. बॅटरी नीट जोडलेली असते तेव्हा ही दारं तिच्या बाजूने घट्ट बंद असतात. आख्खी रात्र बॅटरीचे बारा व्होल्ट त्यांच्यावर रेलून असतात आणि एक थेंबही गळत नाही.

बॅटरी उलटी झाली की तीच बंद दारं सताड उघडी होतात. कोणी फोडत नाही, तोडत नाही. ती उघडायच्याच बाजूने ढकलली जातात.

आमची बॅटरी उलटी जोडलेली नव्हती, ती आपल्या जागीच होती, मग दारं उघडली कशी? मला हा प्रश्न पडला होता आणि त्याचं उत्तर फार सुंदर आहे. गाडीची बॅटरी धडधाकट असती तर बाहेरून आलेल्या उलट्या रेट्याला तिने टक्कर दिली असती, आणि गाडीच्या तारांमध्ये प्लस हा प्लसच राहिला असता. पण ती थकलेली होती. थकलेल्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो, रेट्यापुढे ती उभी राहू शकत नाही. ट्रॅक्टर जिंकला आणि क्षणभर सगळ्या गाडीत प्लसचा मायनस झाला. जंप मारायची वेळ येते ती बॅटरी थकलेली असतानाच, म्हणजे चूक करायला आपण नेमका सर्वांत वाईट मुहूर्त गाठतो.

मिस्त्री सकाळी आला. मोटारसायकलवर, हँडलला पिशवी. पन्नाशीचा असेल. आधी त्याने काहीच केलं नाही, नुसता वास घेतला. मग बोनेटवर हात ठेवून मामांना म्हणाला, "अण्णा, काल रात्री कोणी काय केलं ते आधी खरं खरं सांगा. मग बघतो."

भावाने सांगितलं. मिस्त्रीने मान हलवली. "किल्ली लावलेली होती का?"

"नाही. खिशात होती."

"मग वाचलीय बगा."

त्या वेळी मला ती नुसती समजूत वाटली होती. ती समजूत नव्हती, निदान होतं. आजच्या गाडीचा मेंदू, म्हणजे इंजिन सांभाळणारा ईसीएम, बहुतेक गाड्यांत एका रिलेमागे असतो. किल्ली फिरवली की रिले चिकटतो आणि मेंदूच्या मुख्य वाटेला वीज पोचते. किल्ली खिशात म्हणजे ती वाट बंद, तारा तुटल्यासारख्याच. उलट्या लोंढ्याला जायला वाट उरते ती कायम वीज लागणाऱ्या वस्तूंची: घड्याळ, स्टीरिओ, दारांच्या लॉकचा डबा आणि डायनामो.

मिस्त्रीने पिशवीतून काढलेलं पहिलं हत्यार मीटर नव्हतं, टेस्ट लॅम्प होता. एक बल्ब, एक तार, एक टोचणी. मी विचारलं, मीटर नाही का आणलं? म्हणाला, "आणलंय की. पण मीटर खोटं बोलतं." हे वाक्य मी नंतर दोन-तीन इंजिनिअरांना ऐकवलं, ते हसले आणि हो म्हणाले. मीटरला व्होल्ट दाखवायला जवळजवळ शून्य प्रवाह पुरतो. तार गंजून एका धाग्यावर आलेली असली तरी मीटर बिनधास्त बारा दाखवेल. बल्ब पेटायला मात्र खरा प्रवाह लागतो.

बॅटरीवर बल्ब मंद पेटला. मग त्याने बॅटरीजवळच्या काळ्या डब्याचं झाकण काढलं. आत नटांनी आवळलेला मोठा फ्यूज, शंभर अँपियरचा. त्याच्या एका पायावर टोचणी लावली, बल्ब पेटला. दुसऱ्या पायावर लावली, अंधार. पारदर्शक खिडकीतून बघितलं तर मधली पट्टी वितळून तिचा चंदेरी मणी झालेला. हॉर्न, दिवे, लॉक, सगळ्यांची वाट त्या एका पट्टीवरून जात होती. गाडी पार मेली होती ती एवढ्यामुळे. तिचं काही बिघडलं नव्हतं, तिला तोडून ठेवलं होतं.

फ्यूज हा तुकडा मरण्यासाठीच बनवलेला असतो, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. पण गाडीच्या बाबतीत हा बंदोबस्त फार खोलवर गेलेला आहे. गाड्यांच्या इलेक्ट्रॉनिक भागांसाठी आयएसओ १६७५० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यात कंप, धूळ, उष्णता यांच्या चाचण्या आहेतच, शिवाय 'बॅटरी उलटी लागली तर' अशी एक स्वतंत्र चाचणी आहे: भागाला ६० सेकंद उलटी वीज द्या आणि बघा. साधारणपणे ती १४ व्होल्ट द्यायची. पण डायनामोच्या वाटेवर फ्यूज नसेल आणि त्याचे डायोड तो मार सोसणारे असतील, तर फक्त ४ व्होल्ट. का? कारण तेव्हा उघडलेली दारं सगळा लोंढा स्वतःवर घेतात आणि बाकीच्या गाडीत उलटा दाब चारच्या वर चढू देत नाहीत. डायनामो भाजून निघतो, मेंदू वाचतो. त्याच मानकात २४ व्होल्टने जंप मारण्याचीही चाचणी आहे, तीसुद्धा ६० सेकंदांची. म्हणजे आमच्या घरच्यांच्या डोक्यात येऊन गेलेला उसाचा ट्रकही त्या लोकांनी आधीच धरलेला होता.

मला हे वाचून क्षणभर ओशाळल्यासारखं झालं. कुठल्याशा सभागृहात कोट घातलेली माणसं बसून ठरवतात, की जगात कुठेतरी, कधीतरी, अंधारात, धुळीने एका रंगाच्या झालेल्या केबली घेऊन एक माणूस चूक करणार आणि दुसरा टॉर्च धरणार. मुरुमचं अंगण त्यांना माहीत नव्हतं, पण त्यांनी आमच्यासाठी ६० सेकंद राखून ठेवले होते. आम्ही दोन वापरले.

नवा फ्यूज उमरग्याहून आला. तोवर मिस्त्रीने बॅटरी काढून चार्जिंगला लावली, पण लावण्याआधी मीटरने तिचा प्लस-मायनस तपासला. हे का? त्याने सांगितलं आणि नंतर मी पडताळलं, ते असं: पार रिकाम्या झालेल्या बॅटरीत दोन्ही बाजूंच्या पत्र्यांवर एकच पदार्थ जमलेला असतो, शिशाचं सल्फेट. प्लस कोण आणि मायनस कोण हा भेदच पुसट होतो. अशा बॅटरीला कोणी उलटं चार्ज केलं तर ती खरोखर उलटी भरू शकते. वरच्या खुणा जुन्या आणि आतली वीज नवी. मग कोणी शहाणा माणूस सगळं बरोबर बघून चिमटे लावतो आणि तरी ठिणगी उडते. आमची सरळ होती. मीटरवर उणे चिन्ह आलं नाही.

फ्यूज बसला, बॅटरी बसली आणि हॉर्न वाजला. मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. सेल्फ मारला, गाडी चालू झाली. मीटर बॅटरीवर: १३.८. चालू गाडीत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं की डायनामो चार्ज करतोय असं धरतात. भावाने खिशात हात घातला, पैसे द्यायला. मिस्त्री म्हणाला, "थांबा की. आजारी माणूस उठून बसला म्हणजे बरा झाला का?"

त्याने मीटर एसीवर फिरवलं आणि त्याच दोन खांबांवर लावलं. बॅटरीवर एसी मोजायचं? मला वाटलं चुकला. पण बरोबर इथेच दारांची परीक्षा असते. सहाही डायोड धड असतील तर बाहेर येणारी वीज सपाट असते, तिच्यावर बारीक तरंग एवढेच. एखादा डायोड गेला की तरंगाला खड्डा पडतो आणि तो एसीच्या आकड्यात दिसतो. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला की संशय घ्यावा. आमचा काठावर होता, ०.४ आणि ०.५ च्या मध्ये हेलकावत. मिस्त्रीने ओठ मुडपले. "रातच्याला कळंल," म्हणाला आणि गेला.

रात्री नाही, दुसऱ्या सकाळी कळलं. सेल्फ रडतरडत फिरला. मिस्त्री आला आणि त्याने जे केलं ते मी आजवर कुठल्या पुस्तकात इतक्या देखण्या रीतीने सांगितलेलं पाहिलेलं नाही. गाडी चालू करू दिली नाही. बोनेट उघडलं. मुरुमच्या थंडीत इंजिन गार पडलेलं, पत्र्यावर दव. त्याने उलटा हात आधी इंजिनला लावला, मग डायनामोच्या पाठीला, आणि माझा हात धरून तिथे ठेवला.

डायनामो कोमट होता.

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत एकच वस्तू कोमट, कारण रात्रभर तिच्यातून वीज गळत होती. उलटा प्रवाह डायनामोतून जाताना जोडीतल्या दोन्ही दारांतून जातो, आधी एक मग दुसरं. फ्यूज वितळायला थोडा वेळ घेतो, आणि त्या शर्यतीत एका जोडीचे दोन्ही डायोड पुरते जळले नाहीत पण खिळखिळे झाले. एकच गेला असता तर दुसऱ्याने गळती बरीचशी अडवली असती.

मग त्याने आकडा काढला. बॅटरीचा मायनस सोडवून मध्ये अँपियरचं मीटर घातलं आणि वाट बघत बसला. किल्ली काढली तरी आजकालच्या गाडीतले इलेक्ट्रॉनिक डबे लगेच झोपत नाहीत, काही मिनिटं जागे असतात. घाई केली तर चुकीचा आकडा मिळतो. तो बिडी ओढत कानडीत मिनिटं मोजत होता, ओंदू, एरडू, मूरू. सगळे झोपल्यावर निरोगी गाडीत ५० मिलिअँपियरच्या आत आकडा यायला हवा. आमच्याकडे दीड अँपियर. गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची. दहा तासांच्या रात्रीत पंधरा गेले, म्हणजे निम्म्याला आले. मायनस सोडून त्याने डायनामोची जाड तार वेगळी केली, पत्र्याला टेकू नये म्हणून तिला रबर गुंडाळलं आणि पुन्हा मोजलं. आकडा ०.०३ वर. चोर सापडला. तार तोडून चोर पकडायची ही रीत इतकी साधी आहे की कोणीही मीटरवाला करू शकेल. अट एवढीच, की मीटर मध्ये असताना सेल्फ मारायचा नाही. नाहीतर मीटरचा फ्यूज शहीद.

डायोडची प्लेट बदलली. सोलापूरहून एसटीने आली, संध्याकाळी बसली.

किरकोळ दुखणी उरली होती. स्टीरिओचा फ्यूज उडालेला. कित्येक स्टीरिओंमध्ये वाटेवर एक छोटा डायोड मुद्दाम आडवा टाकलेला असतो, उलटी वीज आली की तो शॉर्ट होऊन फ्यूज उडवतो आणि बाकीचा डबा वाचवतो. मोठ्या डायनामोत जे घडलं त्याचीच ही खेळण्यातली आवृत्ती. आणि काचेसमोर इंजिनचा पिवळा दिवा. मिस्त्रीच्या हाताखालचा पोरगा स्कॅनर घेऊन आला होता. त्यात पाच कोड निघाले आणि भावाचा चेहरा पडला. पोरगा मात्र निवांत. त्याने सगळे पुसले, गाडी चौकापर्यंत फिरवून आणली, परत बघितलं. एकही नाही. व्होल्ट पडले की गाडीतला प्रत्येक डबा शेजाऱ्यावर आळ घेतो: ह्याचा निरोप आला नाही, त्याचा आकडा चुकला. त्यातलं बरंचसं अंधारातलं घाबरणं असतं. कोड वाचून लगेच महागडे सेन्सर बदलणारी माणसं मी पाहिली आहेत. आधी पुसा, मग जे परत येईल तेच खरं, हा त्या पोराचा नियम मला पटला.

डब्यांची आपसातली ही बोली दोन पिळलेल्या तारांवर चालते. कॅन बस तिचं नाव, बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केली. तारांच्या दोन टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून बॅटरी सोडून स्कॅनरच्या खाचेतल्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये मोजलं तर ६० ओहम यायला हवेत. पोराने मोजले, साठ. १२० आले असते तर एक टोक तुटलं असतं. शून्याजवळ आले असते तर तारा एकमेकींना चिकटल्या असत्या. सगळ्या गाडीच्या मज्जासंस्थेची नाडी एका आकड्यात.

आता राहिला अर्थ. आपल्याकडचे वायरमन 'अर्थ' म्हणतात तो इंग्रजीतून आलेला, पण मराठीच्या कानाला तो शब्द किती शोभतो! गाडीला चार रबरी टायर, जमिनीशी तिचा विजेचा काही संबंध नाही. घराचं अर्थिंग काळ्या रानात पटकन जमतं आणि मुरमाड जमिनीत मीठ-कोळसा घालून पाणी पाजत बसावं लागतं. मुरुम नावाच्या गावात उभ्या गाडीला मात्र दोन्ही सारखंच. तिचा अर्थ म्हणजे तिचा स्वतःचा पत्रा. मायनस पत्र्याला जोडायचा आणि दिव्यापासून पंपापर्यंत सगळ्यांनी परतीचा प्रवास त्या पत्र्यातून करायचा, निम्म्या तारा वाचतात. फक्त इंजिन रबरी गोट्यांवर बसलेलं असतं, म्हणून त्याला एका जाड पट्टीने अर्थ द्यावा लागतो. डायनामो इंजिनला आवळलेला, म्हणजे त्या रात्री त्यातून गेलेला प्रवाह ह्याच पट्टीतून गेला. पट्टीचं टोक आधीच गंजलेलं होतं.

मिस्त्रीने एक टोचणी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर लावली, भावाला सेल्फ मारायला सांगितलं. ०.९ व्होल्ट. दोन्ही जागा 'अर्थ'च, त्यांच्यात फरक ०.२ च्या आत हवा. हाच रोध मीटरने थेट ओहममध्ये मोजायला गेलात तर सापडत नाही, कारण तो ओहमचा शंभरावा भागसुद्धा नसतो आणि मीटरच्या स्वतःच्या तारांचा रोध त्याहून कितीतरी जास्त. पण दीडशे अँपियर त्यातून जाऊ द्या, की तो ओरडून स्वतःचं नाव सांगतो. पट्टी काढली, कानशीने घासली, आवळली. ०.१. सेल्फचा आवाजच बदलला. मामेभाऊ म्हणाला, गाडी नवीन असतानासुद्धा अशी उठत नव्हती.

जंप मारायची रीत मिस्त्रीने जाताना करून दाखवली. दोन्ही गाड्या बंद. प्लसला प्लस. मग चांगल्या गाडीचा मायनस. चौथा चिमटा आजारी बॅटरीवर नाही, इंजिनच्या उघड्या लोखंडावर, बॅटरीपासून लांब. कारण शेवटच्या चिमट्याला ठिणगी पडतेच, आणि बॅटरीच्या तोंडाशी हायड्रोजन असू शकतो; हवेत तो चार टक्के झाला तरी पेटतो. मग चांगली गाडी चालू करून पाच-दहा मिनिटं धीर धरायचा, आजारी बॅटरीला घोटभर पाजायचं, त्यानंतरच सेल्फ. काढताना उलट क्रम. गाडी चालू झाली म्हणून बॅटरीची तार चालू गाडीत सोडून बघायची नाही. जुने लोक डायनामो तपासायला असं करायचे, पण आता त्या झटक्याने डायनामोचा दाब क्षणात शंभर व्होल्टपर्यंत उसळू शकतो, आणि ते मेंदूला सोसणारं नाही.

आणि खुणा दिसत नसतील तर? हे मी त्याला विचारलं. त्याने बॅटरीवर गरम पाणी ओतून पीठ धुतलं, फडक्याने पुसलं आणि माझी बोटं एकेका खांबावर ठेवली. एक जाड, एक बारीक. मोठ्या खांबांच्या बॅटरीत प्लसचा बुंधा १९.५ मिलिमीटर असतो आणि मायनसचा १७.९, छोट्या जपानी पद्धतीच्या खांबांत १४.७ आणि १३. फरक दीड-पावणेदोन मिलिमीटरचा, पण बोटाला कळतो. रंग उडतो, खूण झिजते, टॉर्च धरणारा माझ्यासारखा निघतो. तुमच्या गाडीचं बोनेट आज उघडा आणि एकदा चाचपून ठेवा: जाड खांब प्लसचा.